राऊटरची गती आणि कारागिराची सुरक्षितता

(सुतारकामाचे शिल्पनिदेशक, विस्तार अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे एका निवृत्त शिल्पनिदेशकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला आहे, तो ऐकावयास अगदी लहान वाटतो. लाकूडकामाच्या राऊटर यंत्रास मोठे बिट लावले असता ते किती गतीने फिरवावे, एवढाच तो विषय आहे. विकासाच्या मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींपुढे एका यंत्राच्या फेऱ्यांचा हिशेब मांडणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या कारागिराचे सारे भांडवल त्याची दहा बोटे हेच असते, त्याच्या दृष्टीने हा हिशेब लहान नाही. म्हणून आपण तो शांतपणे ऐकून घ्यावा अशी माझी विनंती आहे.

आपल्या गावगाड्यातील बारा बलुतेदारांमध्ये सुताराचे स्थान मोठे होते. नांगर, पाभर, बैलगाडी, घराचे दार, देवघराचा देव्हारा हे सारे त्याच्या हातून घडे. वाकस, पटाशी, करवत, रंधा आणि सामता ही त्याची अवजारे होत. या अवजारांना गती होती, पण ती हाताची गती होती. वाकस किती जोराने मारावा हे बापाजवळ बसलेला मुलगा अंगानेच शिकत असे. चूक झालीच तर ती डोळ्यांना दिसे व हात आवरता येई.

विजेच्या राऊटरने ही स्थिती बदलली. पूर्वी गोल-गलत्याच्या रंध्याने दिवसभर जे काम चाले, ते आता तासाभरात होते. दाराच्या कडेला नक्षी काढणे, खाच पाडणे, पॅनेलच्या कडा उतरत्या करणे ही कामे लहानशा दुकानातही होऊ लागली आहेत. ही प्रगती स्वागतार्हच आहे. मात्र हे यंत्र मिनिटाला दहा हजारांपासून चोवीस हजारांपर्यंत फेरे घेते आणि ही गती डोळ्यांना दिसत नाही. दहा हजार फेरे घेणारे बिट आणि चोवीस हजार फेरे घेणारे बिट, दोन्ही सारखीच धूसर दिसतात. जे डोळ्यांना दिसत नाही ते अंकांनी पाहावे लागते.

एक प्रसंग

माझ्याच आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहान कार्यशाळेतील कामावर मी देखरेख करीत असे. पॅनेलच्या दरवाज्यांचे काम आले होते. त्यासाठी ८० मि.मी. व्यासाचे एक बिट मीच बाजारातून आणले. आमच्याकडील राऊटर एकाच गतीचा, मिनिटाला सुमारे २२,००० फेरे घेणारा होता. ते बिट त्या यंत्रासाठी नव्हते. त्यासाठी कमी गतीचे यंत्र व बाक आणावयाचे ठरले होते. मी ते बिट कपाटात ठेवले, पण कोणास काही सांगितले नाही.

दुपारी मी जेवावयास गेलो असता एका अठरा-एकोणीस वर्षांच्या उमेदवाराने ते बिट काढून राऊटरला लावले आणि यंत्र हातात धरूनच सुरू केले. बिट लाकडाला लागताच यंत्राने उसळी घेतली व ते त्याच्या हातून सुटले. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. बिटाच्या धारेचा एक तुकडा समोरच्या कपाटाच्या फळीत रुतला होता. तो आम्हांस पक्कडीने ओढून काढावा लागला. तो तुकडा त्या मुलाच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला होता.

रुग्णालयात मी त्याला भेटावयास गेलो, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, बिट कॉलेटात बसलं, म्हणून लावलं." त्याच्या या उत्तरात त्याचा दोष मला आजही दिसत नाही. कॉलेटात बसते ते चालते, अशीच त्याची समजूत होती आणि ती चुकीची आहे हे सांगणारा कागदाचा एक कपटाही त्या भिंतीवर नव्हता. तो लावणे माझे काम होते. त्याचे वडील जुने सुतार. ते माझ्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या वाकसानं कधी एवढं नेलं नाही."

बिट कॉलेटात बसले म्हणजे ते त्या गतीला चालते असे नव्हे. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. ते का, हे आता पाहू.

खळ्यावरील बैल आणि बिटाची धार

खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. सर्व बैल एकाच दोरात बांधलेले असतात व एक फेरा एकाच वेळात पुरा करतात. तरीही तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो आणि कडेच्या बैलाला भरभर चालावे लागते, कारण त्याचा फेरा मोठा असतो. बिटाच्या धारेचेही तसेच आहे. फेरे तेवढेच असले तरी व्यास वाढला की धारेचा वेग त्याच प्रमाणात वाढतो. या वेगाला परिघवेग म्हणतात.

त्याचा हिशेब शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यासही करता येईल. बिटाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे व येणाऱ्या संख्येस १९,१०० ने भागावे. उत्तर येते ते परिघवेगाचे, दर सेकंदाला इतके मीटर असे.

उदाहरणे घेऊ. १२ मि.मी.चे बिट २४,००० फेऱ्यांनी फिरले तर त्याच्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर होतो. २५ मि.मी.च्या बिटाचा वेग त्याच फेऱ्यांना सेकंदाला ३१ मीटर होतो. ५० मि.मी.च्या बिटाचा ६३ मीटर. आणि ८० मि.मी.चे बिट त्याच यंत्रावर चढविले तर त्याच्या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरांच्या घरात जातो. त्या दुर्दैवी दुपारी आमच्या कार्यशाळेत हा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होता. यंत्र नेहमीचेच, बटणही नेहमीचेच होते; बदलला होता तो केवळ व्यास.

राऊटरच्या बिटांसाठी सर्वसाधारणपणे सेकंदाला ५० ते ६० मीटरच्या पलीकडे परिघवेग जाऊ देऊ नये. त्यावरून कार्यशाळेच्या भिंतीवर लावण्याजोगा तक्ता असा होतो :

२५ मि.मी. व्यासापर्यंत : जास्तीत जास्त २२,००० ते २४,००० फेरे
२५ ते ५० मि.मी. : जास्तीत जास्त १८,००० फेरे
५० ते ६५ मि.मी. : जास्तीत जास्त १६,००० फेरे
६५ ते ९० मि.मी. : १०,००० ते १२,००० फेरे, त्याहून अधिक नाही

बिट बनविणाऱ्याने त्याच्या दांड्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरला असेल व तो या तक्त्यापेक्षा कमी असेल, तर तो कोरलेला आकडाच प्रमाण मानावा. ज्या मोठ्या बिटावर असा आकडाच नाही, ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

गोफणीचा न्याय

वेग वाढला तर एवढे काय बिघडते, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर पाखरे राखणाऱ्या पोराच्या गोफणीत आहे. गोफण जितकी जोराने फिरवावी तितकी ती हाताला ओढ देते. ही ओढ गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट होते.

कोणतेही बिट शंभर टक्के समतोल नसते. धारेवर राळ चिकटते, एखादा टवका उडतो, धार लावताना एक बाजू थोडी अधिक झिजते. समजा, मध्यापासून ४० मि.मी. अंतरावर केवळ एका ग्रॅमचा असमतोल आहे. १०,००० फेऱ्यांना तो ग्रॅम सुमारे साडेचार किलो वजनाइतकी ओढ देतो. २४,००० फेऱ्यांना हीच ओढ जवळजवळ २६ किलोंची होते. तीही एका दिशेने नव्हे, तर सेकंदाला चारशे वेळा दिशा बदलत. यंत्र थरथरते, दांडा वाकू लागतो, कॉलेटाची पकड ढिली होते आणि धारेला डाख देऊन बसविलेला कठीण धातूचा तुकडा सुटण्याचा संभव निर्माण होतो. सुटलेला तुकडा गोफणीच्या दगडाप्रमाणेच जातो.

दांड्याच्या जाडीचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. १२ मि.मी.चा दांडा ६ मि.मी.च्या दांड्यापेक्षा दुप्पट जाड असतो, परंतु वाकण्यास तो सोळापट विरोध करतो. म्हणून मोठे बिट १२ मि.मी. किंवा अर्ध्या इंचाच्या दांड्याचेच असावे. बाजारात मिळणारे एका हातात मावणारे ट्रिमर यंत्र मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेते व त्याचे कॉलेट लहान असते. त्यास मोठे बिट लावणे हा अपघाताला दिलेला उघड निरोप होय. परिघवेगाचा हिशेब ही एक अट आहे. दांड्याची जाडी, कॉलेटाची पकड आणि यंत्राची क्षमता याही अटी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

कॉलेटाबाबत आपल्याकडे एक विशेष अडचण आहे. मिलिमीटरची व इंचाची अशी दोन्ही मापे बाजारात एकत्र नांदतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. अर्ध्या इंचाच्या कॉलेटात १२ मि.मी.चा दांडा शिरतो, आवळलाही जातो, पण पकडला जात नाही. दांडा कॉलेटात पुरा आत सारून मग दोन-तीन मि.मी. वर घ्यावा व नंतर आवळावा. अगदी टोकाशी धरलेला दांडा कधीही भरवशाचा नसतो.

कमी गतीने काम बिघडत नाही

अनेक कारागिरांची अशी समजूत असते की, गती कमी केली तर काम खरखरीत होते. लहान बिटाच्या बाबतीत तीत थोडे तथ्य आहे. मोठ्या बिटाच्या बाबतीत मात्र उलट अनुभव येतो. बिटाला दोन धारा असतील तर २४,००० फेऱ्यांना मिनिटात ४८,००० काप बसतात. लाकूड मिनिटाला तीन मीटर वेगाने सरकविले, तर प्रत्येक कापाच्या वाट्याला मिलिमीटरचा सोळावा भाग येतो. इतक्या पातळ कापात धार लाकूड कापण्याऐवजी ते घासू लागते. घासण्याने उष्णता निर्माण होते, लाकूड काळे पडते, आणि धार बोथट होते. सागवानात वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य असल्याने तेथे धार आधीच लवकर जाते. फेरे १२,००० वर आणले की कापाची जाडी दुप्पट होते, भुश्श्याऐवजी लहान कपच्या पडू लागतात आणि पृष्ठभाग स्वच्छ निघतो. म्हणजे सुरक्षितता आणि कामाची प्रत यांत येथे विरोध नाही.

कामाची पद्धत

साधारण ५० मि.मी.हून मोठे बिट हातातील राऊटरला लावू नये. यंत्र बाकाखाली पक्के बसवून बिट वर काढावे आणि लाकूड बाकावरून सरकवावे. बिटाच्या फिरण्याच्या उलट दिशेनेच लाकूड पुढे न्यावे; बाकावर काम करताना ही दिशा उजवीकडून डावीकडे अशी असते. फिरण्याच्या दिशेनेच लाकूड घातले तर बिट ते हातातून ओढून घेते आणि मागे हात असेल तर तोही जातो. बिट व आडोशाची पट्टी यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधीही नेऊ नये.

पॅनेलची पुरी कड एका दमात काढण्याचा मोह टाळावा. तीन-तीन मिलिमीटर घेत तीन-चार फेऱ्यांत ती काढावी. प्रथम आडव्या रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तोंडाकडील बाजू कराव्यात व नंतर उभ्या रेषांच्या बाजू घ्याव्यात, म्हणजे कोपऱ्याला उडालेला टवका पुढच्या कापात निघून जातो. लाकूड हाताने न ढकलता ढकलपट्टीने ढकलावे.

यंत्रावरील गतीच्या चकतीसंबंधी एक सूचना करतो. तीवर १ ते ६ असे आकडे असतात. ते फेऱ्यांचे आकडे नव्हेत, आणि एका यंत्रावरील ३ म्हणजे दुसऱ्या यंत्रावरील ३ नव्हे. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत त्यांचे फेरे दिलेले असतात. ते पाहून यंत्राशेजारीच मराठीत लिहून ठेवावेत. यंत्राची सर्वांत कमी गतीही बिटाच्या मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर ते बिट त्या यंत्रावर वापरावयाचे नाही. गती कमी करण्यासाठी छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. तो एवढ्या भारासाठी केलेला नसतो. असे प्रयोग करू नयेत.

मोठे बिट लावल्यावर यंत्र सर्वांत कमी गतीवर ठेवूनच सुरू करावे व आपण बिटाच्या रेषेतून बाजूला उभे राहावे. थरथर जाणवली तर लाकूड लावण्यापूर्वीच यंत्र बंद करावे. बिट बदलताना प्लग काढलेला असलाच पाहिजे. काम चालू असता वीज गेली तर प्रथम बटण बंद करावे, कारण वीज परत येते तेव्हा कारागिराचे लक्ष दुसरीकडे असते आणि हात बिटाजवळ असतो. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे व नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखवटा असावा. लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या द्रव्यांत झालेली आहे. फिरत्या बिटाजवळ हातमोजे, सैल बाह्या व खांद्यावरील पंचा नसावा.

हाच हिशेब गावातील लोखंडी कामाच्या दुकानांनाही लागू पडतो. १०० मि.मी.च्या ग्राइंडरवर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे असतात. त्याचे संरक्षक कवच काढून १८० मि.मी.चे चाक चढविले, तर परिघवेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. अशा चाकांवर सामान्यतः ८० मीटरची मर्यादा छापलेली असते. चाक फुटण्याचे कारण यातच आहे.

आपले कर्तव्य

हा विचार नवा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३० व्या कलमाने अशी तरतूद केली होती की, घासकामाच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित परिघवेगाची सूचना कायमची लावावी आणि तो वेग ओलांडला जाऊ नये. विजेवर फिरणाऱ्या इतर चाकांच्या व तबकड्यांच्या बाबतीतही सुरक्षित वेग ओलांडला जाणार नाही अशी व्यवस्था करण्याचे बंधन त्याने घातले होते. परंतु दोन-तीन माणसांनी चालविलेले सुताराचे दुकान कारखान्याच्या व्याख्येत येत नाही. तेथे कोणी निरीक्षक जात नाही. तेथे जाऊ शकतात ते आपण.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला आणि सुतारकाम हा त्यांतील एक आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व तारणाविना कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जाची पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. म्हणजे कोणत्या कारागिराच्या हाती विजेची अवजारे येणार आहेत, हे पंचायत सदस्यांना सर्वांच्या आधी कळू शकते. त्या वेळी कागदांबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा: हे यंत्र चालविण्यास तुम्हांला कोणी शिकविले आहे काय? उत्तर नाही असे आले तर अर्ज अडवू नये. त्या कारागिराची जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकाशी गाठ घालून द्यावी.

खरेदीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, राऊटरच्या मागणीपत्रात गती बदलण्याची सोय, १२ मि.मी.चे कॉलेट आणि हळूहळू वेग घेणारी सुरुवात या तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. बिटांच्या मागणीत दांड्यावर कमाल फेरे कोरलेले असण्याची अट घालावी. केवळ कमी किमतीच्या निविदेवर नजर ठेवली, तर वाचलेले पैसे पुढे कोणाच्या तरी बोटांनी फेडावे लागतात.

शिक्षक मित्रांनी वर्तुळाचा परीघ शिकविताना हे उदाहरण फळ्यावर अवश्य घ्यावे. ५० मि.मी. व्यासाचे बिट मिनिटाला १८,००० फेरे घेते, तर त्याची धार सेकंदाला किती मीटर जाते? उत्तर ४७ येईल. वर्गातील एखादा मुलगा सुताराच्या घरचा असेल. तो घरी जाऊन हेच गणित बापाला विचारील, आणि कदाचित त्या घरातील यंत्राची चकती त्याच संध्याकाळी खाली येईल.

त्या प्रसंगानंतर मी जेथे जेथे काम केले, तेथे यंत्र बसविण्यापूर्वी भिंतीवर तक्ता लावीत गेलो. नव्या उमेदवाराने पहिल्या दिवशी तो स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घ्यावा असा शिरस्ता ठेवला. त्याला फारसा खर्च येत नाही. एक पुठ्ठा, थोडी शाई आणि अर्धा तास एवढेच लागते. आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या गावातील, शाळेजवळील किंवा कार्यक्षेत्रातील एका तरी सुताराच्या दुकानात असा तक्ता लागेल असे पाहावे, एवढे मागणे करून मी आपली रजा घेतो.